सुट्टीतली मैत्री आणि कुमारांची कादंबरी



या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "काय हो, वसंत व्याख्यानमालेत पोरवयातल्या प्रेमाच्या गोष्टी सांगणार तुम्ही?" त्यांच्या विचारण्यात राग नव्हता; थोडी काळजी होती. ती काळजी मला रास्त वाटते. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि तेव्हापासून हा ऋतू आपल्याकडे व्याख्यानांचा ऋतू ठरून गेला. परंतु मोठी माणसे इथे येऊन बसतात, त्याच संध्याकाळी घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलेमुली काय वाचीत असतात, हे आपण क्वचितच विचारतो. परीक्षा संपलेली, निकाल लागायचा, हातात दोन महिने आणि मनात नाना प्रकारचे गोंधळ. या वयाच्या वाचकासाठी मराठी कादंबरीने काय केले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

इंग्रजीत या वयासाठी लिहिलेल्या वाङ्‌मयाची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. अमेरिकेतल्या ग्रंथालय-संघाने १९५७ साली कुमार-तरुण वाचकांसाठी वेगळा विभाग काढला. परंतु पुस्तके त्याच्याही आधी येऊ लागली होती. १९४२ साली मॉरीन डेली या तरुण लेखिकेची 'सेव्हन्टीन्थ समर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अँजी मॉरो ही सतरा वर्षांची मुलगी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावात राहते. शाळा नुकतीच संपलेली आहे, कॉलेज उघडायला अवकाश आहे. बेकरीवाल्याचा मुलगा जॅक तिला भेटतो. जून ते ऑगस्ट त्यांचे प्रेम चालते, आणि उन्हाळा सरतो तेव्हा ती कॉलेजसाठी शिकागोला जाते. संपली कादंबरी. कोणी मरत नाही, कोणी पळून जात नाही, लग्नही होत नाही. एक उन्हाळा येतो आणि जातो, आणि तेवढ्यात ती मुलगी मोठी होते.

हा साचा तिकडे पुढे फार चालला. २००९ साली आलेल्या जेनी हान यांच्या 'द समर आय टर्न्ड प्रिटी' या कादंबरीपर्यंत त्याची परंपरा सांगता येते. आणि त्याची मुळे शोधायची तर रशियात जावे लागेल. तुर्गेनेव्हच्या १८६०च्या 'पहिले प्रेम' या दीर्घकथेत सोळा वर्षांचा मुलगा उन्हाळ्यात गावाबाहेरच्या घरी राहायला जातो, शेजारच्या घरातल्या तरुणीवर त्याचे मन बसते, आणि तिचे प्रेम आपल्याच वडिलांवर आहे हे त्याला कळते. तिथेही उन्हाळा, तिथेही परके घर.

'परके घर' हा शब्द लक्षात ठेवा. उन्हाळा म्हणजे अनोळखी जागा, अनोळखी माणसे, चार दिवस सैल सुटलेले नियम. म्हणून तिकडे प्रेमाला सुट्टीत आरंभ होतो. आपल्याकडे काय होते? एप्रिलमध्ये परीक्षा आटोपते आणि मूल आपल्याच माणसांत जाते. मामाकडे, आजोळी, फार तर मावशीकडे. अनोळखी कोणी भेटायचे ते शाळेत किंवा कॉलेजात. सुट्टी लागली की ती भेट तुटते, आणि जूनच्या मध्याला पहिल्या पावसाबरोबर पुन्हा जुळते. बदली झाली, निकाल बिघडला, तर जुळतही नाही. मराठी कुमारकथेत म्हणूनच उन्हाळा हा ताटातुटीचा काळ झाला. ऋतू एकच, कामे दोन.

परंतु आजोळीही काहीतरी घडत असतेच, आणि त्याविषयी आपण फार थोडे लिहिले आहे. माझे आजोळ पंचगंगेच्या काठावरचे. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की आम्हा भावंडांचा तळ तिथे पडे. माडीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत घातलेले असत आणि कावळ्यांपासून ते राखणे हे मुलांचे काम. त्या राखणीवर माझ्याबरोबर माझी मामेबहीण असे. आम्ही एकाच वयाचे. एका वर्षी वाचनालयातून आणलेले पुस्तक मधोमध उसवले होते. आधी कोणी वाचायचे यावरून भांडण झाले तेव्हा तिने ते सरळ दोन भाग करून टाकले. पहिला अर्धा मला दिला आणि उरलेला अर्धा स्वतः घेऊन बसली. संध्याकाळी अदलाबदल. तिने शेवट आधी वाचला होता. मी दोन दिवस विनवण्या केल्या, पण तिने तो मला सांगितला नाही.

पुढच्या वर्षी ती माडीवर आली नाही. मधल्या काळात घरातल्या कोणीतरी गंमत म्हणून तिला माझी नवरी म्हटले होते. आपल्या भागात ही गंमत नेहमीचीच. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातल्या अनेक जातींतली रीत नोंदवली आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशा जवळच्या नात्यातल्या लग्नाला एरवी मनाई करून जिथे रूढी आहे तिथे मोकळीक ठेवली आहे. रूढीच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज करायची नाही. मला सांगायचे ते इतकेच, की मोठ्यांच्या लेखी त्या मुलामुलीत दोनच नाती संभवतात: एक भावाबहिणीचे, दुसरे नवराबायकोचे. उसवलेले पुस्तक वाटून वाचणाऱ्या दोन माणसांचे जे तिसरे नाते असते त्याला घरात नाव नव्हते. आणि ज्याला घरात नाव नाही त्याला कादंबरीत तरी नाव मिळावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

तसे नाव देणारी पुस्तके आम्हांला मिळाली का? मुलांसाठी जी पुस्तके होती त्यांत मैत्री भरपूर होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि सुभाष देसाईसारख्या मित्रांबरोबर संकटात उडी घेतो. त्या कथांचा मी आजही चाहता आहे. तथापि तिथे सुट्टी म्हणजे साहस. चोर पकडायचा असताना मनात होणाऱ्या कालवाकालवीला वेळ कुठून मिळणार?

मग आम्ही थोरांची पुस्तके चोरून वाचत असू. त्याबाबतीत करवीरच्या मुलांचे भाग्य मोठेच म्हणावे लागेल. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात अनेक वर्षे प्राध्यापक होते, वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली इथे आले आणि इथलेच झाले. मराठी प्रेमकथेचे दोन सुभे एकाच गावात! दोघांची पुस्तके करवीर नगर वाचन मंदिरात शेजारी शेजारी, आणि दोघांचे भक्त मात्र एकमेकांशी हमरीतुमरीवर आलेले. परंतु चौदा वर्षांच्या वाचकाला दोन्हीकडे एकच अडचण येई. फडक्यांचे नायक-नायिका वयाने आणि ऐटीने मोठे. ते चहाच्या टेबलावर ज्या सफाईने बोलत, तसे बोलता येत नाही म्हणून आम्ही स्वतःला कमी समजू लागलो. खांडेकरांकडे प्रेमाबरोबर ध्येय आले, त्याग आला. ते उदात्त खरेच. पण ज्याला समोरच्या बाकावरच्या मुलीकडे पेन्सिल मागण्याचे धैर्य होत नाही, त्याने त्याग कशाचा करायचा? थोरांचा अंगरखा पोराच्या अंगावर घातला तर त्यात अंगरख्याचा दोष नाही आणि पोराचाही नाही.

पोराच्या मापाचा अंगरखा बऱ्याच उशिराने शिवला गेला, आणि तोही आपल्या शेजारी, बेळगावकडच्या मुलुखात. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' १९९४ साली आले. मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. पेशाने भूशास्त्राचे प्राध्यापक, कऱ्हाडला राहिलेले. त्यांचा लंपन आईबापांपासून दूर, आजी-आजोबांजवळ वाढतो. त्याची मराठी कानडीत घोळलेली आहे, आणि ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिला तो 'मॅड' म्हणून मोकळा होतो. जंब्या कटकोळ, कणबर्गी गंग्या अशी त्याची मित्रमंडळी, आणि सुमी.

सुमीपाशी असताना लंपनला काहीतरी होते. काय होते ते त्याला सांगता येत नाही आणि संतही त्याच्या वतीने सांगत नाहीत. या संयमाला माझ्या मते मराठीत तोड नाही. मोठा लेखक मुलाविषयी लिहू लागला की त्याला मुलाला न कळलेले वाचकाच्या कानात सांगण्याचा मोह होतो, आणि मग मूल हास्यास्पद होते. संत तो मोह आवरतात. त्यामुळे सुमी आणि लंपन यांच्यात मैत्री कुठे संपते आणि दुसरे काही कुठे सुरू होते, ही रेघ ओढता येत नाही. आणि त्या वयात ती रेघ नसतेच. मी मघाशी ज्या तिसऱ्या नात्याविषयी बोललो ते इथे सापडते. २०२४ साली या कथांवर मालिकाही आली. ती पाहिलेल्या मुलांच्या हाती पुस्तकही द्यावे, कारण ती भाषा कानाइतकीच डोळ्यांनीही चाखायची आहे.

दहा वर्षांनी, २००४ साली, मिलिंद बोकिलांची 'शाळा' आली. मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे दोस्त, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, आणि वर्गातली शिरोडकर. लंपनपेक्षा ही मुले मोठी. त्यांना रेघ कुठे आहे हे कळू लागले आहे, आणि ती ओलांडण्याची भाषा ती एकमेकांपासूनच शिकतात. ही भाषा बरीचशी उसनी आणि बढाईखोर. सुऱ्या त्याच भाषेच्या जोरावर मनातल्या मुलीला विचारायला जातो आणि प्रकरण अंगाशी येते. जोशी मात्र शिरोडकरविषयी आपल्याशी एक भाषा बोलतो आणि अड्ड्यावर दुसरी. या दोन भाषांतले अंतर हाच मला त्या कादंबरीचा गाभा वाटतो. मित्र हे प्रेमाचे साक्षीदार असतात, सल्लागार असतात, आणि प्रसंगी तेच ते नासवतात. 'शाळा'तला कोणीही मित्र दुष्ट नाही. फक्त सगळे पंधरा वर्षांचे आहेत.

आणि शेवटी काय होते? वर्ष संपते, सुट्टी लागते, शिरोडकर गाव सोडून जाते. उन्हाळा आपले ठरलेले काम करतो. अँजीच्या कादंबरीत निरोपाच्या आधी तीन महिने भेटी आहेत. जोशीला निरोपही नीट घेता येत नाही. समोरासमोर बोलण्याची सोयच नसल्यामुळे आपल्याकडचे पहिले प्रेम मुख्यतः वाट पाहण्यात आणि मित्रांना सांगण्यात जाते. पुढे कॉलेजच्या वयात सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'त हा अड्डा कट्ट्यावर गेला. तरुणांनी ती डोक्यावर घेतली त्याचे कारण मला तिच्यातल्या प्रेमप्रकरणापेक्षा तो कट्टाच वाटतो.

आता माझ्या स्नेह्यांची काळजी. ते म्हणतील, पुस्तकातले ठीक. पण असल्या गोष्टी वाचून मुले बिघडली तर? मी उलट विचारतो, न वाचून सावरतात का? आपल्या समाजात पहिल्या प्रेमाला जातीचा आणि अब्रूचा फास असतो, हे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने २०१३ साली आणि 'सैराट'ने २०१६ साली पडद्यावर दाखवले आहे. 'फँड्री'तला जब्या शालूशी मनातले बोलूच शकत नाही. तिच्यादेखत डुक्कर पकडण्याची लाज मात्र त्याच्या वाट्याला येते. जिथे परिणाम इतके भयंकर होऊ शकतात, तिथे आपल्याला काय होते आहे याचे शब्द मुलांजवळ असणे अधिक गरजेचे. मुलाने ते घरात विचारले तर थट्टा होते, शाळेत विचारले तर शिक्षा. पुस्तक या दोन्ही गोष्टी करीत नाही.

मात्र एक उणीव मला फार जाणवते. लंपन बोलतो, जोशी बोलतो. सुमी आणि शिरोडकर यांच्या मनात काय चालले होते? 'सेव्हन्टीन्थ समर' मुलीने सांगितलेली आहे, आणि ऐंशी वर्षांनंतरही ती टवटवीत राहिली ती बहुधा त्यामुळे. विभावरी शिरूरकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या अविवाहित मुलींचे मन उघडे केले आणि केवढा गहजब झाला! पण त्या मुली वयाने मोठ्या. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, जिला एका उन्हाळ्यात माडीवर जाणे अचानक बंद होते, तिच्या तोंडून त्या उन्हाळ्याची गोष्ट मराठीत सविस्तर यायची राहिली आहे. ती कोणी पुरुषाने लिहून भागणार नाही.

हे टिपण लिहिताना मी माझ्या मामेबहिणीला भेटायला गेलो होतो. आता तिला नातवंडे आहेत. उसवलेल्या पुस्तकाचा विषय काढला तर तिला सगळे आठवत होते, कोणत्या पानावर ते उसवले होते तेही. मी विचारले, "शेवट का सांगितला नाहीस गं तेव्हा?" ती म्हणाली, "तुला सांगितला असता तर तू दुसऱ्या दिवशी माडीवर आलाच नसतास."