साडेआठच्या नोंदीचा जगप्रवास

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग रोज ठरलेला असतो : ‘सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत’ अमुक मिलिमीटर पाऊस. मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या प्रलयातला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडाही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचाच आहे. तारीख मध्यरात्री बदलते, मग पावसाचा हिशेब साडेआठला का? कारण आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा जागतिक प्रमाणवेळेचे पहाटेचे तीन वाजलेले असतात. जगभरच्या वेधशाळांनी दर तीन तासांनी, सगळ्यांनी एकाच वेळी, हवेची नोंद घ्यायची असा संकेत आहे. आपल्या हवामान खात्याने त्यातलीच एक वेळ पावसाच्या हिशेबासाठी धरली.

निरीक्षकाने घेतलेली नोंद परंपरेने पाच-पाच अंकांच्या गटांत बांधली जाते. कुलाबा वेधशाळेचा क्रमांक ४३०५७, सांताक्रूझचा ४३००३. तापमान २८.४ अंश असेल, तर संदेशात १०२८४ असा गट जातो. तो वाचायला मराठी, रशियन किंवा जपानी येण्याची गरज नाही. हा संदेश दिल्लीला जातो आणि तिथून जागतिक दूरसंचार जाळ्यात शिरतो. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी सोडलेल्या फुग्यांनी टिपलेली वरच्या हवेची मोजमापेही त्याच वाटेने जातात. त्याबद्दल कोणी कोणाला बिल पाठवत नाही. दुसऱ्या बाजूने साऱ्या जगाच्या नोंदी आपल्याकडे येत असतात.

हा व्यवहार एखाद्या भिशीसारखा आहे; फरक एवढाच की इथे प्रत्येक सभासद आपला छोटा हप्ता भरतो आणि सगळी रक्कम रोजच्या रोज घरी नेतो. उद्याच्या अंदाजाचे काम आसपासच्या नोंदींवर कसेबसे भागेल. पण पाच-सहा दिवसांनंतरचे हवामान सांगायचे, तर आज हजारो किलोमीटर दूर हवेत काय चालले आहे ते संगणकाला सांगावे लागते. मोसमी वारे तर विषुववृत्ताच्या पलीकडून येतात. कितीही श्रीमंत देश असला, तरी नुसत्या स्वतःच्या नोंदींवर त्याला आठवड्याचा अंदाज काढता येत नाही.

ही गोष्ट समजायला किंमत मोजावी लागली आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. तेव्हा भारताच्या नव्याने स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या लक्षात आले की, हवेचा दाब विलक्षण मोठ्या प्रदेशावर चढलेला आहे. त्यांनी इतर देशांतल्या वेधशाळांकडे दाबाच्या नोंदी मागितल्या. ऑस्ट्रेलियातून चार्ल्स टॉड यांनी प्रतिसाद दिला, आणि पुढे १८८८ मध्ये टॉड यांनीच भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ जोडीने येतात असे दाखवले. हा धागा गिल्बर्ट वॉकर यांनी उचलला. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना त्यांनी जगभरच्या नोंदींचे आकडे आपल्या कारकुनांकडून ताडून घेतले. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका त्यांना त्या आकड्यांत सापडला. आज गावच्या पारावर ज्या ‘एल निनो’ची चर्चा होते, त्याच्या शास्त्राचा पाया असा परक्या वेधशाळांच्या वह्यांत आहे.

नोंदींच्या देवाणघेवाणीचे नियम त्याआधीच आकाराला येऊ लागले होते. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला सागरी देशांनी जहाजांवरच्या नोंदवहीचा नमुना ठरवला, तर १८७३ मध्ये व्हिएन्नात पहिली आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली. जागतिक हवामान संघटनेचा करार २३ मार्च १९५० रोजी अमलात आला. मात्र युद्ध सुरू झाले की सर्वांत आधी गुपित ठरे ते हवामान. पहिल्या महायुद्धात ब्रिटनकडच्या नोंदी बंद झाल्या, तेव्हा नॉर्वेला आपल्याच किनाऱ्यावर दाट ठाणी उभारून काम भागवावे लागले.

म्हणूनच शीतयुद्धातली घटना विशेष ठरते. सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे हवामानविषयक सहकार्याचा प्रस्ताव ठेवला. त्याचा आराखडा अमेरिकेचे हॅरी वेक्सलर आणि सोव्हिएत संघाचे व्हिक्टर बुगाएव यांनी मिळून केला. त्यातून १९६३ मध्ये ‘जागतिक हवामान पहारा’ ही योजना उभी राहिली. तिची तीन जागतिक केंद्रे होती वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखलेल्या दोन राजधान्या वादळांच्या बातम्या मात्र वाटून घेत होत्या. त्याच सुमारास हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचे हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला सुरू झाले, आणि पुण्यात १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधन संस्था स्थापन झाली.

शत्रुत्वापुढे टिकलेली ही व्यवस्था पैशापुढे डगमगली. नोंदी फुकट दिल्या, तर खासगी कंपन्या त्यांतून अंदाज विकून आपल्यालाच स्पर्धा करतील, अशी भीती युरोपातल्या काही सरकारी हवामान खात्यांना वाटू लागली. १९९५ मध्ये तडजोड झाली : जीवितरक्षणाला आवश्यक त्या नोंदी विनामूल्य, बाकीच्यांवर अटी चालतील. २०२१ मध्ये ही चौकट रुंदावली आणि समुद्र, हिम, पाणी यांच्या माहितीलाही तिने कवेत घेतले.

पाण्याच्या बाबतीत खरी अडचण दिसते. ब्रह्मपुत्रेच्या पूरकाळातील पातळीची माहिती चीनने भारताला द्यावी, असा करार २००२ मध्ये झाला. २०१७ च्या पावसाळ्यात, डोकलाममध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांत तणाव चालू असताना, ती माहिती आली नाही. पाणी मोजणाऱ्या केंद्राची दुरुस्ती चालू आहे, असे कारण चीनने दिले. पुढच्या वर्षी माहिती पुन्हा सुरू झाली. नदीचे पाणी वरून खाली वाहते, म्हणून वरच्या देशाला खालच्याची गरज फारशी पडत नाही. हवेला असा वरचा-खालचा काठ नसतो. नोंदी रोखणाऱ्याचाही अंदाज बिघडतो, आणि हवामानाचा करार टिकून राहण्यामागे हे मोठे कारण आहे.

मात्र हप्ता भरायची ऐपतच नसेल तर? आफ्रिकेच्या मोठ्या भागात आणि अनेक बेटांवर ठाणी तुरळक आहेत. रोजचे फुगे परवडत नाहीत, उपकरण बिघडले की सुट्या भागांअभावी पडून राहते. तिथली रिकामी जागा दूरच्या देशांच्या अंदाजांतही चूक बनून उतरते. म्हणून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी एक निधी उभारला. गरीब देशांत ठाणी उभारण्यासाठी आणि त्यांच्या नोंदी नियमितपणे जगापर्यंत पोहोचाव्यात यासाठी तो पैसा देतो. याला मदत म्हणण्याची रीत आहे, पण हिशेब मांडला तर श्रीमंत देश इथे स्वतःच्याच अंदाजाचा खर्च उचलत आहेत. तो रास्त खर्च म्हणून अर्थसंकल्पात बसला, तर ही ठाणी टिकतील. दान म्हणून राहिला, तर पहिल्याच काटकसरीत तो छाटला जाईल.