चेंडू शोधायला गेलेला कॅमेरा

ताशी 100 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापतो. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये चेंडू मीटरभराहून जास्त पुढे सरकलेला असतो, आणि गोलंदाजाच्या हातातून निघून बॅटपर्यंतचा त्याचा सगळा प्रवास 16-17 चित्रांत आटोपतो. त्यातही तो गोल दिसेलच असं नाही. बहुतेक वेळा नुसता पुसट पट्टा. आता चेंडू टेनिसचा, मैदान रत्नागिरीजवळचा एखादा कातळसडा, गोलंदाज मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेला चाकरमानी आणि निर्मात्याचा खिसा फाटका, असं धरू. हा चेंडू टिपायचा कसा?

मित्रांच्या हौशी खेळावर थोडक्या पैशांत सिनेमे काढणाऱ्यांनी यावर शोधलेली तोड मला फार आवडते. चेंडू टिपायचाच नाही.

वाडीवरच्या सामन्याचा हिशेब करून बघा. 6 षटकांचा डाव, 36 चेंडू. प्रत्येक चेंडू 5 सेकंद खेळात राहिला असं मानलं, तर सगळा मिळून 3 मिनिटांचा खेळ. डाव मात्र अर्धा तास चालतो. मग उरलेल्या 27 मिनिटांत काय होतं? वाइड होता की नव्हता यावरून भांडण होतं. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असल्यामुळे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. चेंडू करवंदीच्या जाळीत जातो, सगळी टीम काटे चुकवत त्याला शोधते आणि शोधता शोधता करवंदं खात बसते. कोणाला तरी घरून हाक येते. ही 27 मिनिटं टिपायला महागडी लेन्स लागत नाही, सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा लागत नाही. खेळाचा सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि दोस्ती राहते तीही तिथेच.

कार्सन लुंड या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘ईफस’ (2024) जवळजवळ याच 27 मिनिटांचा सिनेमा आहे. अमेरिकेच्या ईशान्येतलं छोटं गाव, ऑक्टोबर महिना, रविवारी बेसबॉल खेळणारे पोट सुटलेले गडी. मैदानावर आता शाळा होणार, म्हणून हा शेवटचा सामना. सिनेमा सकाळी सुरू होतो, सूर्य कलत जातो, अंधार पडतो, तरी सामना संपत नाही. मग मंडळी आपापल्या गाड्या मैदानाकडे तोंड करून लावतात आणि हेडलाइटच्या उजेडात खेळतात. ईफस म्हणजे बेसबॉलमधला एक अतिशय संथ, उंच उडवलेला चेंडू. फलंदाज त्याची वाट बघून बघून कंटाळतो आणि घाईने बॅट फिरवून चुकतो. सिनेमाही तसाच टाकला आहे. असा सिनेमा कान महोत्सवाच्या ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात निवडला जातो, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच्या अर्धशतक आधी इराणमध्ये अब्बास किआरोस्तामीने ‘मुसाफिर’ (1974) केला. गावातल्या कासिम नावाच्या पोराला तेहरानला जाऊन फुटबॉलचा मोठा सामना बघायचा आहे. पैसे नाहीत. म्हणून तो रिकाम्या कॅमेऱ्याने शाळेतल्या मुलांचे खोटे खोटे फोटो काढतो आणि पैसे उकळतो. तेवढ्याने भागत नाही, तेव्हा आपल्याच सवंगड्यांचा चेंडू आणि गोलपोस्ट विकून टाकतो! खऱ्या सामन्यापर्यंत पोचण्यासाठी मित्रांचा खेळच विकायचा, ही कल्पना सुचायला किआरोस्तामीच हवा.

आपल्याकडे या जातीचा सगळ्यात जवळचा सिनेमा कोकणातच घडतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ 2014मध्ये बर्लिनला गेला, तिथल्या मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, मग सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दिग्दर्शकच कॅमेरामन. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, आणि बंड्यासारखे नवे मित्र. त्यांची किल्ल्यापर्यंत सायकलींची शर्यत लागते. ना पंच, ना चषक. त्या शर्यतीतलं माझ्या लक्षात राहिलं ते शर्यत संपल्यानंतरचं: कोसळणारा पाऊस आणि मित्र सोडून गेल्यावर किल्ल्यात एकटा पडलेला मुलगा. खेळात हरल्याचं दुःख पोरं संध्याकाळपर्यंत विसरतात. भिडूंनी टाकून जाणं विसरत नाहीत.

सिनेमावाल्यांची वाट न बघता कोकणातली पोरं स्वतःच हे चित्रण करू लागली आहेत. वाडीवाडीतल्या टेनिस बॉल स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात. कॅमेरा एका जागी रोवलेला, चेंडू मधूनच चौकटीबाहेर पसार, आणि समालोचक खेळापेक्षा खेळाडूंच्या घरच्या भानगडी जास्त सांगणारा. नालासोपाऱ्यात किंवा कुवेतमध्ये बसलेला भाऊ ते तासन् तास बघतो. समीक्षक याला सिनेमा म्हणणार नाहीत. पण दादासाहेब तोरण्यांच्या ‘श्री पुंडलिक’बद्दलही हीच कुरकुर झाली होती: कॅमेरा एका जागी ठेवून नाटकच चित्रित केलं, मग पहिला भारतीय चित्रपट कसा म्हणायचा? तो 18 मे 1912 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तोरणे मालवणजवळच्या सुकळवाडचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याचं घराणं इथलंच म्हणायला हरकत नाही.

रत्नागिरीत कोणी खरोखर असा सिनेमा करायला घेतला, तर सड्यापेक्षा मांडवीची किंवा भाट्याची पुळण अवघड जाईल. तिथे सीमारेषा समुद्र आखतो. ओहोटीला मैदान ऐसपैस. भरती चढू लागली की लाँगऑनचा भिडू घोटाभर पाण्यात. एकाच संध्याकाळचा सामना चार दिवस चित्रित करायचा म्हटलं, तर पंचाईतच, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. आज साडेपाचच्या उन्हात पुळण जेवढी रुंद होती, तेवढी ती उद्या सव्वासहाच्या पुढे मिळेल, तेव्हा उजेड निराळा असेल. चौथ्या दिवशी तर अंधारच पडलेला असेल. तोच उजेड आणि तेच पाणी पुन्हा जुळून यायला साधारण पंधरवडा थांबावं लागतं, कारण भरती चंद्राच्या तालावर चालते: पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. म्हणजे चित्रीकरणाचं वेळापत्रक तिथी बघून करावं लागेल. हे काम मुंबईहून आणलेल्या व्यवस्थापकाला जमेल का, शंकाच आहे. मिरकरवाड्यातल्या एखाद्या खलाशाला विचारलं, तर तो कॅलेंडरही न उघडता सांगेल. आणि बहुतेक अंपायर म्हणून उभाही राहील, अर्थात बॅटिंग त्याच्या टीमची असेल तर.