पाणी आले, बाजरी कुठे गेली?

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या अंगाला, पाऊस धो धो कोसळतो. तिथे भात, नाचणी, वरई. पूर्वेला आणे पठारावर मात्र माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. शेजारच्या आंबेगावातही तेच. भीमाशंकरला झड, तर लोणी-धामणीला ठणठणाट. या कोरड्या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या जगवले ते बाजरीने.

चार-एक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले हे धान्य इथे पाहुणे राहिलेच नाही. हलकी जमीन, थोडा पाऊस आणि ऐंशी-नव्वद दिवस एवढ्यावर ते भागवते. दाणा माणसांना, सरमाड गुरांना. कोवळ्या कणसांचा निंबूर आणि भोगीला तीळ लावलेली भाकरी, हा तिचा थाट.

पुढे कुकडी प्रकल्प आला. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे वाहू लागले. ऊस, कांदा, टोमॅटो आले. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटली. उसाच्या दाटीत बिबट्याही मुक्कामाला आला.

मी बँकेत नोकरी केली, म्हणून हा हिशेब ठाऊक आहे. उसाला कर्ज दिले की वसुली कारखान्याच्या बिलातून होते. बाजरीला असा जामीनदार नाही. ती बरीचशी घरच्याच कणगीत जाते आणि खाल्ली जाते. बँकेच्या वहीत भाकरीची नोंद कुठे करायची? शेतकरी उसाकडे वळला, यात त्याचा दोष नाही. त्या पैशातूनच मुले शिकली, घरे उभी राहिली.

तरीही बाजरी संपलेली नाही. कालव्याच्याच पाण्यावर काही जण जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी बाजरी पेरतात. पण शेते थोडी राहिली की साऱ्या शिवाराची पाखरे त्यांच्यावरच उतरतात. मग पहाटेपासून राखण आली, आणि राखणीला माणूस मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्याआधीच, 2014 साली, जादा लोह असलेला ‘धनशक्ती’ हा वाण देशभरासाठी आला होता. चांगलेच झाले. पण खरी अडचण घरात आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक, त्यामुळे पीठ लवकर कडू होते. महिन्याचे पीठ डब्यात भरून ठेवण्याची शहरी सोय तिला मानवत नाही. दळण थोडे-थोडेच आणावे लागते. शिवाय पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. ते रगडून मळावे लागते, भाकरी हातावर नाहीतर परातीत थापावी लागते. ही कला पुस्तकातून येत नाही.

धान्य टिकते ते गौरवाने नव्हे, रोजच्या ताटात राहिल्याने. तेव्हा येत्या हिवाळ्यात किलोभर बाजरी दळून आणा. आणि आजी परात पुढे ओढेल, तेव्हा तिच्या शेजारी नातीबरोबर नातवालाही बसवा.