दौलताबादचे खांब काय सांगतात?

वेरूळला जाताना आपल्यापैकी कितीतरी जणी दौलताबादचा किल्ला पाहून आल्या असतील. आत गेल्यावर भारतमातेचं मंदिर लागतं. पुढं भलंमोठं अंगण, मागं दगडी खांबांच्या रांगा. पण ही वास्तू मंदिर म्हणून बांधलेली नाही.

देवगिरी ही यादवांची राजधानी. ती दिल्लीच्या सुलतानांच्या हाती गेली आणि १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं इथं मशीद उभारली. त्यासाठी खांब वापरले ते जुन्या देवळांचे. त्यांच्यावरचं कोरीव काम आजही दिसतं. पुढं १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि त्यानंतर इथं भारतमातेची मूर्ती बसली. खांब तेच, काळ तीन.

असं दूरदेशीही घडलंय. रोम शहरात पँथिऑन नावाचं सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं देऊळ आहे. त्याचा घुमट ४३ मीटर रुंद, आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही! माथ्यावर मोठं गोल भोक आहे. पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. ६०९ साली या देवळाचं चर्च झालं. आसपासच्या किती इमारतींचे दगड लोकांनी उपसून नेले, ही मात्र उभी राहिली. कारण ती वापरात होती, तिला धनी होता.

राज्य बदललं की वास्तूचं नाव बदलतं. कुणाला त्याचा आनंद होतो, कुणाला दुःख. दगड मात्र घडलं ते सगळं सांगतो. पण त्यासाठी तो शिल्लक राहायला हवा.

आपल्या मुखेडलाही दशरथेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. गावोगावी अशी देवळं, वीरगळ आहेत. आपण भक्तीपोटी त्यांना ऑइलपेंट फासतो, सिमेंट लिंपतो. मग आतली ओल बाहेर पडत नाही, दगडाचे पापुद्रे सुटतात, कोरीव चेहरे पुसले जातात. कुठं कोरलेल्या दगडावर धुणं धुतलं जातं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू: गावातले असे दगड मोजायचे, वहीत लिहायचे. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कुणी आलं, तर आधी विचारायचं, "पुरातत्त्व विभागाला विचारलंय का?"