चढाईत वाघ, पकडीत कच्चा

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात संघनिवडीवरून खडाजंगी होते ती कबड्डीच्या. वाद ठरलेला असतो : चढाईत वाघ, पण पकडीत कच्चा अशा पोराला सातात घ्यायचं का? जुनेजाणते खेळाडू नाक मुरडतात. तरुण म्हणतात, गुण आणतोय ना, मग झालं! अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांनाही आपल्या गार्डबाबत हाच प्रश्न पडतो.

कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. ती संपली की चढाईपटूलाही बचावात उभं राहावं लागतं. समोरचा मुरलेला गडी कच्चा दुवा लगेच हेरतो. निदानरेषेपलीकडे तो पाय मुद्दाम जरा लांबवतो, आयता मिळतोय असं भासवतो. उतावळा पोरगा साखळी आवळली जाण्याआधीच पट काढायला झेपावतो, पाय निसटतो आणि गुण जातो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. सहकारी गुण मिळवून त्याला परत आत आणेपर्यंत तो बाहेर बसतो. म्हणजे संघाची सर्वांत धारदार चढाईही बाहेर बसते.

बास्केटबॉलमध्ये असंच घडलं ते लुका डॉन्चिचच्या बाबतीत. जून २०२४ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सचा हा पंचविशीतला गार्ड बोस्टनविरुद्ध एनबीएच्या अंतिम मालिकेत खेळत होता. आक्रमणात त्याला तोड नव्हती. पण बोस्टनचे खेळाडू चेंडू घेऊन वारंवार त्याच्याच अंगावर जात राहिले. तिसऱ्या सामन्यात डॅलसनं मोठी पिछाडी जवळजवळ भरून काढली होती. नेमक्या त्याच वेळी डॉन्चिचचा सहावा फाऊल झाला आणि नियमानुसार तो बाहेर गेला. सामना गेला, पुढे मालिकाही ४-१ अशी गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस हा बचावातला बलदंड खेळाडू घेतला. विजेतेपद बचावच मिळवून देतो, असं सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांनी जाहीरपणे सांगितलं. त्या मोसमात डॅलसला बाद फेरीही गाठता आली नाही. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांचीच उचलबांगडी झाली. उणीव खरी होती, पण तिच्यापायी संघानं आपला कणाच विकला.

याची दुसरी बाजू प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात, २०२३-२४ मध्ये दिसली. तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये मोजले. त्यानं चढाईचे २०० हून अधिक गुण मिळवले, तरी २२ पैकी अवघे २ सामने जिंकून संघ तळाला राहिला. एकट्याची चढाई सगळ्या संघाचा बचाव भरून काढू शकत नाही.

त्याच हंगामात पुणेरी पलटणनं चषक उचलला. डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता, त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला तरुण चढाईपटू. पण पकडीलाही तो मागे हटत नसे. स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच ठरला. अंतिम सामना पलटणनं हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ असा जिंकला.

म्हणून गावच्या निवड समित्यांनी त्या पोराला पकडीपायी घरी बसवू नये. चढाईतली चपळाई आणि धिटाई सहसा शिकवून येत नाही. पकड मात्र सरावानं पुष्कळ सुधारते. त्याला कोपऱ्यात उभं करू नका. अनुभवी कोपरारक्षकाशेजारी ठेवा आणि साखळीतला हात सोडायचा नाही, एवढंच काम द्या. सरावात मात्र रोज पकडीला उतरवा. आणि संघ बांधताना आधी दोन्ही कोपरे भक्कम करा. वाघाला मोकळं सोडायचं ते त्यानंतर.