होडीची मोटर पाण्यात उतरवण्याआधी घरीच तपासा!

चाकणला मी टू-व्हीलरच्या इंजिनांवरच काम करतो. त्यामुळे होडीची मोटर म्हणजे काय मोठं, असं वाटायचं. मागच्या डिसेंबरात भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये फ्लेमिंगो बघायला मामेभावाची होडी काढली. काठापासून अर्धा किलोमीटर गेलो आणि मोटर बंद! दोरी ओढून खांदा भरून आला, वारा आत ढकलतोय आणि होडीत त्याची सात वर्षांची मुलगी. वल्ही मारत काठाला लागायला दीड तास गेला. आता मोटर आदल्या दिवशी मोशीला माझ्या घरीच तपासली जाते.

चूक आमचीच होती. टाकीत पावसाळ्याआधीचं पेट्रोल होतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच! टू-स्ट्रोक मोटरला यात दुहेरी फटका, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, म्हणजे खालचा थर इंजिनात गेला तर वंगणच नाही. म्हणून जुनं पेट्रोल काढून टाका, ताजं भरा. मोटरच्या पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिलं असेल, तर १० लिटरला २०० मिली ऑइल. आणि स्कूटरचं टू-टी ऑइल नको बरं का. ते हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटरमध्ये त्याची राख प्लगवर साठते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलंय का बघा.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. या मोटरला रेडिएटर नसतो, नदी-तलावाचं पाणीच आत खेचलं जातं. ते खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरला की लगेच खराब होतो. म्हणून मोटर कधीही कोरडी चालू करायची नाही. मी भंगारातून २०० लिटरचं पिंप आणून वरून कापलंय. (कापण्याआधी त्यात काय होतं ते नक्की विचारा, थिनरचं पिंप ग्राइंडरच्या ठिणगीने फुटू शकतं.) पंखा काढून मोटर पिंपाला अडकवायची, पाणी आत खेचणारी जाळी पूर्ण बुडवायची, न्यूट्रलला ठेवून सुरू करायची. बंद पार्किंगमध्ये नाही, उघड्यावर. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. नाही आली तर ताबडतोब बंद.

पवना, इंद्रायणीसारख्या जलपर्णीच्या पाण्यात हीच धार मधूनमधून बघत राहा, जाळीत मुळं अडकतात.

पंखा काढलेलाच असतो, तेव्हा शाफ्टला मासेमारीचा तंगूस गुंडाळलाय का तेही बघून घ्या. तो सील कापतो, मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ दिसतं. पंखा परत बसवताना नवी कॉटर पिन टाका.

राहिली ती लाल दोरी, जी ओढली की मोटर बंद होते. ती खेचून खरंच बंद होते का, हे मी पिंपातच दोनदा बघतो. होडीत बसल्यावर तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. वल्ही मात्र अजूनही सोबत असतात, आणि लाइफ जॅकेट पहिलं पोरीला.