गोटी सोडा आणि रामुने: एकाच बाटलीची दोन नावं

आजचा विषय फसफसणारा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या वलवणला, किंवा पुढे लोणावळ्यात, चिक्की घ्यायला थांबलात की शेजारी सोडावाला दिसतो का ते बघा. आणि आता मोबाईलवर आठवा ते जपानी रील: काचेची बाटली, मानेत चिमटा काढल्यासारखा आकार, वरून दाबलं की टुक, गोटी आत! त्याचं नाव रामुने. बघून वाटतं, केवढं भारी आणि परदेशी. पण ही तर आपली गोटी सोड्याचीच बाटली!

दोघांचा आजोबा एकच. हायरम कॉड नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १८७२ च्या सुमारास ही बाटली आणली. युक्ती साधी आहे. मानेत एक रबराची रिंग, आत काचेची गोटी. सोडा भरताना बाटली उलटी धरतात, गोटी रिंगवर येऊन बसते. मग आतला कार्बन डायऑक्साइडच तिला ढकलून धरतो. म्हणजे जो वायू बाहेर पळायला बघतोय, तोच दार लावून घेतो! बूच नको, पत्र्याचं झाकण नको. आणि मानेतला तो खळगा? ओतताना गोटी तिथे अडकते, वाट मोकळी राहते.

जपानमध्ये १८८४ साली कोबे शहरात अलेक्झांडर सिम या स्कॉटिश माणसाने हे पेय विकायला सुरुवात केली. लेमोनेड या शब्दाचं जपानी तोंडात झालं रामुने. तिथे याच नावाच्या, तोंडात विरघळणाऱ्या आंबटगोड गोळ्याही मिळतात. आपली लिमलेटची गोळी आठवली ना? तिच्याही नावात लेमन डोकावतोच.

आता चवीचं बघू. जपानी पेयांवर हल्ली युझू हे नाव खूप दिसतं. ते तिथलं खडबडीत सालीचं लिंबू. रस कमी, बिया भरपूर, पण साल प्रचंड सुगंधी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: आंबटपणा रसात असतो, वास मात्र सालीतल्या तेलात. आपण लिंबू पिळतो आणि साल फेकतो, म्हणजे अर्धी चव कचऱ्यात! धुतलेल्या लिंबाची फक्त वरची पिवळी-हिरवी साल किसून सरबतात टाका. खालचा पांढरा भाग नको, तो कडू लागतो. सोडा घालणार असाल तर साखर-मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवा. कोरडं मीठ थेट सोड्यात पडलं की त्याच्या कणांवर बुडबुडे जमतात, सगळा फेस वर येतो आणि ग्लासात उरतं सपक पाणी.

आता मुद्द्याचं. १९७७ साली जपानमध्ये एक कायदा झाला. छोट्यांच्या धंद्यात मोठ्या कंपन्यांनी घुसण्यावर त्याने बंधन आणलं. त्यामुळे रामुने आजही मुख्यतः छोट्या कारखान्यांकडे आहे, आणि तेच पेय जगभर जातं. आपला गोटी सोडाही छोट्यांचाच धंदा, पण प्लॅस्टिकच्या बाटलीने त्याला मागे ढकललं. आयात केलेल्या रामुनेला आपण कितीतरी पट पैसे मोजतो, आणि गोटी सोडा मात्र 'जुनाट' वाटतो. गंमत आहे की नाही?

म्हणून डोळे मिटून काहीही प्या असं नाही हं. ही बाटली पुन्हा पुन्हा भरली जाते, आणि गोटीमुळे आतून घासायला अवघड. पाणी कुठलं, बाटली कशी धुता, हे सोडावाल्या दादांना बिनधास्त विचारा. पॅकबंद पेय घेताना लेबल वाचा. लिंबाचं चित्र म्हणजे लिंबाचा रस नव्हे. बऱ्याचदा तिथे बारीक अक्षरात 'फळ नाही' असंच छापलेलं असतं.

तुमच्या गावात गोटी सोडा अजून मिळतो का? कुठल्या चवीचा? कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!